सूज असेल तिथेच उघडणारे नॅनोकण: नेमकं कुठवर आलंय हे?

कणकण
नमस्कार मंडळी. सुजेवरच्या औषधांचे धागे इथे अधूनमधून येतात आणि जवळपास प्रत्येक धाग्यात कुणीतरी लिहितंच की आता स्मार्ट नॅनोकण येतायत, साइड इफेक्टचा प्रश्नच मिटेल. मी याच भागात काम करते. पॉलिमरचे कण बनवायचे आणि त्यातून औषध कधी, किती बाहेर येतं ते मोजायचं हे माझं रोजचं काम, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहू. मला या विषयाबद्दल मनापासून आशा आहे, पण बातम्यांत जी आशा दाखवतात ती वेगळी आणि माझी वेगळी.

सुरुवात स्टिरॉइडपासून करते कारण सगळं तिथूनच सुरू होतं. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी र्‍हुमॅटॉइड आर्थरायटिसने (आरए, सांध्यांच्या सुजेचा जुनाट आजार) जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिझोन दिलं आणि ती काही दिवसांतच चालायला लागली. १९५० मध्ये हेंच, केंडाल आणि राइकस्टाइन यांना नोबेलही मिळालं. पण थोड्याच काळात दुसरी बाजू दिसायला लागली, म्हणजे हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, चेहरा सुजणं, मोतीबिंदू, इन्फेक्शन, आणि शरीराची स्वतःची कॉर्टिसॉल बनवायची सवय मोडणं. यात औषधाचा दोष असा काही नाही, स्टिरॉइडचे रिसेप्टर शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असतात, त्यामुळे रक्तात गेलं की ते सगळीकडे काम करणारच. सूज गुडघ्यात असते आणि औषध हाडात, डोळ्यात, त्वचेत, सगळीकडे पोचतं.

मग कल्पना अशी की औषध शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या कणात बंद करायचं आणि कण अशा मटेरियलचा करायचा की सुजलेल्या जागीच तो फुटेल, विरघळेल किंवा त्याचा एखादा बंध तुटेल. सुजलेल्या जागेच्या तीन खुणा प्रामुख्याने वापरतात. एक, तिथे आम्लता वाढलेली असते. दोन, तिथल्या पेशी हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी ऑक्सिजनची तिखट संयुगं भरपूर सोडतात. तीन, तिथे काही एन्झाइम्स वाढलेली असतात, उदाहरणार्थ एमएमपी-२ आणि एमएमपी-९, जी कूर्चा आणि आजूबाजूची जाळी कुरतडतात. कणाला यातलं काहीतरी जाणवलं पाहिजे, एवढंच.

ऐकायला सोपं आहे आणि प्रयोगशाळेत जमतंही. पुढे काय अडतं ते प्रतिसादांत बोलू, नाहीतर हीच पोस्ट फार लांबेल.

सांजवेळ
धाग्यासाठी खूप खूप आभार. मला आरए आहे, बरीच वर्षं झाली, मधे मधे भडका उडाला की प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घ्यावंच लागतं आणि कमी करताना जीव मेटाकुटीला येतो. माझा प्रश्न सरळ आहे, हा कण रक्तात सोडला तर त्याला माझा सुजलेला सांधा सापडतो कसा? तो काही शोधत तर जात नसणार.

कणकण
सांजवेळ, अगदी बरोबर बोललात, तो शोधत जात नाही. "टार्गेटेड" वाचलं की आपल्याला वाटतं कण नेम धरून निघालाय, पण तो रक्ताबरोबर नुसता फिरत असतो. सुजलेल्या जागी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत फटी पडलेल्या असतात, त्या फटींतून तो बाहेर पडतो आणि तिथे जमलेल्या मॅक्रोफेजसारख्या (बाहेरचं काही दिसलं की गिळणाऱ्या) पेशी त्याला गिळतात, म्हणून तो तिथे थोडा जास्त साठतो. नेब्रास्काच्या डाँग वांग यांच्या गटाने या प्रकाराला एल्विस असं नाव दिलंय. कर्करोगाच्या गाठींच्या बाबतीत मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये असाच प्रकार मांडला होता, फक्त तिथे कण अडकून राहण्याचं कारण लिम्फचा निचरा नीट होत नाही हे होतं, इथे मुख्य कारण पेशी गिळतात हे आहे.

काही कणांवर फोलेटसारखा रेणू चिकटवतात कारण चेतलेल्या मॅक्रोफेजवर फोलेट रिसेप्टर बीटा असतो. पण तो रेणूही कणाला ओढून नेत नाही, कण शेजारी पोचल्यावर पकड घट्ट करायला त्याचा उपयोग होतो. शेजारी पोचणं रक्तप्रवाहावर आणि त्या फटींवरच.

काठावरचा
मला वाटतं या सगळ्या क्षेत्राबद्दल एक आकडा लोकांना माहीत हवा. २०१६ मध्ये एक मोठा आढावा आला होता, मागच्या दहा वर्षांतले गाठींवरचे नॅनोकणांचे प्रयोग एकत्र करून, त्यात टोचलेल्या डोसपैकी गाठीपर्यंत पोचलेला भाग मध्यक काढला तर ०.७ टक्के निघाला. शंभरातला एकही नाही. उरलेले बहुतेक यकृत आणि प्लीहेत जातात कारण तिथल्या मॅक्रोफेजचं कामच असलं काहीतरी रक्तातून उचलायचं आहे. आता सुजेचं वेगळं असेल, पण जो कण मॅक्रोफेजने गिळावा म्हणून बनवलाय तो यकृतातल्या मॅक्रोफेजने गिळायला काय हरकत आहे? आणि यकृतातल्या पेशीत गेल्यावर तिथेही आम्लता असतेच की, मग तो तिथेही उघडणार.

कणकण
काठावरचा, तुम्ही थेट मुद्द्यावर हात ठेवलात. आता पीएचचं गणित मांडते, मग तुमचा प्रश्न आणखी टोकदार होईल.

पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त. रक्ताचा पीएच ७.४. सुजलेल्या सांध्यातलं पाणी जास्तीत जास्त ६.८ किंवा त्याहून थोडं खाली जातं. पीएच लॉगमध्ये मोजतात, म्हणजे ७.४ ते ६.८ हा फरक हायड्रोजन आयनांच्या हिशोबाने साधारण चौपट. आणि पेशीच्या आत जो लायसोसोम असतो, म्हणजे गिळलेलं पचवायची पिशवी, तिथे पीएच ५ च्या आसपास असतो, म्हणजे आम्लता रक्ताच्या अडीचशे पट. आता हायड्राझोनसारखा आम्लात तुटणारा बंध घ्या, हा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड पॉलिमरला जोडायला खूप वापरलाय, तो ५ ला छान तुटतो पण ६.८ ला अगदी हळू. म्हणजे पेपरात "सुजलेल्या सांध्यातल्या आम्लतेने औषध सुटतं" असं चित्र असलं तरी प्रत्यक्षात औषध सुटतं ते बहुधा पेशीने कण गिळल्यावर, आत लायसोसोममध्ये. आणि लायसोसोम जवळपास प्रत्येक पेशीत असतो, सांध्यातल्या मॅक्रोफेजच्याही आणि यकृतातल्याही.

मग बंधाला कळतं काय? तर "मला गिळलंय" एवढंच. "इथे सूज आहे" हे त्याला कळत नाही. जागा ठरवली ती फटींनी आणि गिळणाऱ्या पेशींनी. हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि विद्यार्थ्यांनाही मी सुरुवातीलाच सांगते, कारण यावरून पुढचे सगळे प्रयोग कसे आखायचे ते बदलतं.

रसायनवेडा
मस्त चाललाय धागा. पेरॉक्साइडवाल्या कणांबद्दल पण लिहा ना, थायोकेटल बंध मला फार आवडतो, तो आम्लात, अल्कलीत आणि पचवणाऱ्या एन्झाइम्समध्ये टिकतो आणि ऑक्सिडेशनने तुटतो. २०१० मध्ये नेचर मटेरियल्समध्ये नीरेन मूर्ती यांच्या गटाचं काम आलं होतं, थायोकेटलच्या कणांत टीएनएफ-अल्फा हे सूज वाढवणारं प्रथिन बंद करणारा एसआय-आरएनए (एक छोटा आरएनए रेणू) भरून उंदरांना तोंडावाटे दिला. पोटातल्या आम्लातून कण सुखरूप पार झाला आणि आतड्याच्या सुजलेल्या भागात उघडला. रसायनशास्त्र म्हणून इतकं देखणं काम क्वचित बघायला मिळतं. पॉलिप्रॉपिलीन सल्फाइडचंही तसंच, सल्फाइडचं सल्फॉक्साइड आणि सल्फोन झालं की पाण्याला नको असलेलं मटेरियल पाण्यात मिसळायला लागतं आणि कण सुटा होतो. पेरॉक्साइडने तुटणारा बोरॉनिक एस्टर आहेच.

कणकण
रसायनवेडा, ते २०१० चं काम माझ्याही आवडीचं. आणि तुमचं बरोबर आहे की पेरॉक्साइड ही खूण आम्लतेपेक्षा जास्त खास सुजेची आहे, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आणि मॅक्रोफेज चेतले की ती संयुगं भरभरून सुटतात.

पण पेपर वाचताना एक गोष्ट बघत जा. कण उघडतो हे दाखवायला टेस्ट ट्यूबमध्ये किती पेरॉक्साइड घातलंय? कित्येकदा ते मिलिमोलरमध्ये असतं, कधी दहा, कधी शंभर. शरीरात सुजलेल्या जागीसुद्धा ते मायक्रोमोलरच्या (मिलिमोलरचा हजारावा भाग) घरातलं, म्हणजे खूपच कमी. शिवाय पेशी ते सतत नष्टही करत असतात. शंभर मिलिमोलरला दोन तासांत फुटलेला कण शरीरात फुटेलच असं त्यावरून म्हणता येत नाही. तसंच आलेखात निळी रेघ आणि लाल रेघ असते ना, ट्रिगर, म्हणजे कण उघडणारी खूण, असताना आणि नसताना, तिथे लोक लाल रेघ बघतात, मी आधी निळी बघते. ट्रिगर नसतानाच पहिल्या दिवसात तीस-चाळीस टक्के औषध गळत असेल तर तो कण सांध्यापर्यंत अर्धा रिकामाच पोचणार. आणि ती टेस्ट नुसत्या बफरमध्ये (ठरावीक पीएचचं साधं द्रावण) केलीय की सीरममध्ये (रक्तातला पेशी काढलेला द्रव) हेही बघायचं, सीरममधली प्रथिनं पाण्यात न विरघळणारं औषध कणातून ओढून काढतात, बफरमध्ये हे कळतच नाही.

पानगळ
मला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज) आहे, पहिल्यांदाच लिहितेय. मी जी मेसालामाइनची गोळी घेते तीही आतड्यात विशिष्ट ठिकाणीच विरघळते असं डॉक्टर म्हणाले होते. मग ते आणि हे एकच का? की नॅनो म्हणजे काहीतरी अगदी निराळं?

फिरस्ता
पानगळ, स्वागत आहे. मी पोटाच्या विकारांचा डॉक्टर आहे, हे मी सांगतो. तुमच्या गोळीवर बहुतेक युड्रॅजिट जातीच्या पॉलिमरचं आवरण असणार. त्यातला एस प्रकार पीएच ७ च्या वर विरघळतो, जठरात नाही, लहान आतड्याच्या शेवटी आणि मोठ्या आतड्यात विरघळतो. म्हणजे परिसर ओळखून उघडणारं औषध तुम्ही आत्ता रोज घेताय.

त्याहून जुनं उदाहरण सल्फासालाझिन. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी १९४० च्या सुमारास ते पुढे आणलं. दोन रेणू एका अझो बंधाने जोडलेले, मोठ्या आतड्यातले जिवाणू तो बंध तोडतात आणि ५-एएसए, म्हणजे तुमचं मेसालामाइनच, तिथेच मोकळं होतं. एन्झाइमने उघडणारी रचना, नॅनो शब्द कुणी उच्चारायच्या कितीतरी आधीची, आणि अजून वापरात आहे.

मात्र यात एक गोची आहे जी मी पेशंटमध्ये बघतो. कोलायटिस जोरात असताना मोठ्या आतड्याचा पीएच काहींमध्ये खाली उतरतो आणि जुलाबामुळे सगळं भराभर पुढे सरकतं, मग गोळी कधीकधी न विरघळताच बाहेर पडते. म्हणजे आजार वाढला की नेमका तेव्हाच ट्रिगर बिघडतो. अशी गोळी दिसली तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा, औषधाचा प्रकार बदलता येतो. नॅनोकणांच्या बाबतीतही मला हाच प्रश्न विचारावासा वाटतो, आजाराची तीव्रता माणसागणिक आणि आठवड्यागणिक बदलते, मग ट्रिगर कुठल्या पातळीला लावायचा?

कणकण
फिरस्ता, हा प्रतिसाद सोन्यासारखा आहे. आतडं ही या विषयातली सगळ्यात आशादायक जागा आहे असं मला वाटतं कारण तिथे रक्तातून जावंच लागत नाही, यकृत वाटेत आडवं येत नाही. २००१ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं की सुजलेल्या आतड्याला लहान कण, शंभर नॅनोमीटरचे, मोठ्या कणांपेक्षा जास्त चिकटून राहतात. नंतर २०१५ मध्ये बॉस्टनच्या ब्रिगम हॉस्पिटलमधल्या जेफ्री कार्प यांच्या गटाने एनिमावाटे द्यायचं एक हायड्रोजेल दाखवलं, त्याच्या तंतूंवर ऋण भार असतो आणि सुजलेल्या अस्तरावर धन भाराची प्रथिनं जमलेली असतात, म्हणून ते निरोगी भाग सोडून तिथेच चिकटतं आणि तिथली एन्झाइम्स ते हळूहळू विरघळवतात.

त्याच गटाचं २०१८ चं काम सांजवेळ यांच्यासाठी. सांध्यात टोचायचं जेल, आत ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड. आरए असलेल्या माणसांच्या सांध्यातलं पाणी त्यावर टाकलं की जेल सुटून औषध बाहेर पडतं. उंदरांत भडका उडाला तेव्हा जेल जास्त विरघळलं, आणि एका इंजेक्शनने सूज कमी झाली, तेवढंच साधं औषध टोचून झाली नाही. जेलचा मूळ पदार्थही खाद्यपदार्थांत वापरायला आधीपासून सुरक्षित धरलेला. हे नॅनोकण नाहीत, टोचायचं जेल आहे, पण विचार तोच आहे आणि मला तो जास्त पटतो, जागा सुईने ठरवायची आणि वेळ ट्रिगरने. दोन्ही कामं एकाच कणावर लादली की तो दोन्हीकडे कमी पडतो.

सांजवेळ
हे वाचून खरंच बरं वाटलं. पण मला एकाच वेळी दोन्ही मनगटं, बोटं, पाऊल सगळं दुखतं हो, किती ठिकाणी टोचून घेणार?

कणकण
हो, आणि म्हणूनच रक्तातून देण्याचा नाद कुणी सोडलेला नाही, सोडूही नये. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या गटाने प्रेडनिसोलोन लायपोसोममध्ये (चरबीसदृश पडद्याची सूक्ष्म पिशवी) भरून आर्थरायटिस झालेल्या उंदरांना शिरेतून एकदाच दिलं, सूज जवळपास आठवडाभर पूर्ण गेली. त्या लायपोसोममध्ये ट्रिगर वगैरे काही नव्हता, नुसता जास्त वेळ फिरणारा साधा लायपोसोम. म्हणून मी नेहमी विचारते की तुमच्या ट्रिगरवाल्या कणाची तुलना कशाशी केली? नुसत्या औषधाशी केली तर कुठलाही कण जिंकेल. तसाच, तेवढ्याच आकाराचा, पण ट्रिगर नसलेला कण शेजारी ठेवा, मग कळेल ट्रिगरने काय दिलं. ही तुलना नसलेले पेपर बघितले की मला तळमळ होते, कारण एवढी मेहनत घेऊन मूळ प्रश्न तसाच राहतो.

काठावरचा
आणि माणसांत? उंदीर बरे होतातच नेहमी.

कणकण
माणसांतलं एक उदाहरण मी कधीच विसरत नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या सुजेसाठी, म्हणजे ॲथेरोस्क्लेरोसिससाठी, प्रेडनिसोलोनचे लायपोसोम पेशंटना दिले, २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. लायपोसोम खरोखर माणसाच्या प्लाकमधल्या, म्हणजे भिंतीतल्या चरबीच्या थरातल्या, मॅक्रोफेजपर्यंत पोचले, हे त्यांनी दाखवलं. पण भिंतीतली सूज स्कॅनमध्ये कमी झाली नाही. पोचणं आणि गुण येणं या दोन पायऱ्या आहेत आणि मधे पुष्कळ काही घडतं.

आरए वगैरेसाठी ट्रिगरवर चालणारा नॅनोकण बाजारात आलाय असं मात्र अजून नाही. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थरायटिससाठी २०१७ मध्ये अमेरिकेत झिलरेटा मंजूर झालं, ते पीएलजीए या पॉलिमरचे, ट्रायमसिनोलोन भरलेले गोळे आहेत, पण नॅनो नाहीत, मायक्रो आहेत, आणि ट्रिगर नाही, औषध हळूहळू सुटत राहतं एवढंच.

रसायनवेडा
पण एक मोठं यश राहिलं की. एमआरएनए लशींमधले लिपिड नॅनोकण! त्यातलं आयनायझेबल लिपिड रक्ताच्या पीएचला बिनभाराचं असतं आणि पेशीने गिळल्यावर एंडोसोममधल्या (गिळलेलं आधी जिथे जातं ती पिशवी) आम्लतेत धनभारित होतं, मग एंडोसोमचा पडदा फाडून आरएनए बाहेर. पीएच ओळखणारे कण जगभर कोट्यवधी लोकांना दिले गेलेत की. २०१८ चं पॅटिसिरान हे आरएनए औषधही तसंच.

कणकण
अगदी! आणि पॅटिसिरान यकृतासाठी आहे, जिथे कण तसेही जातात तीच जागा त्यांनी निवडली. जागेशी भांडले नाहीत म्हणून जमलं, असं मी मानते.

पण सुजेवर वापरायचं म्हटलं तर याच लिपिड कणांमुळे मला झोप लागत नाही. हे कण स्वतःच प्रतिकारशक्तीला डिवचतात. लशीत ते उपयोगी पडतं. पॅटिसिरान देण्याआधी तर पेशंटला रिॲक्शन येऊ नये म्हणून डेक्सामेथासोन द्यावं लागतं. आणि २०२२ मध्ये उंदरांवर दिसलं की आधीच सूज असताना हे कण दिले तर सूज आणखी भडकते. म्हणजे सूज कमी करायचं औषध वाहणारी गाडीच सूज वाढवू शकते. लायपोसोमने काहींना कॉम्प्लिमेंट (रक्तातली प्रतिकारशक्तीची प्रथिनं) चेतून रिॲक्शन येते हेही जुनं माहितीतलं आहे, कणांवर लावतात त्या पीईजी पॉलिमरविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या की पुढचा डोस रक्तातून पटकन साफ होतो, आणि आरएसारख्या आजारात डोस वर्षानुवर्षं द्यायचाय, एकदा-दोनदा नाही. म्हणून रिकाम्या कणाचा गट, औषध न भरता, सुजलेल्या प्राण्यात, ही चाचणी प्रत्येक अभ्यासात असायलाच हवी असं मी ठासून म्हणेन.

फिरस्ता
सहमत. आणि स्टिरॉइडच्या बाबतीत यकृतात साठलेला भाग हळूहळू रक्तात सुटत असेल तर ॲड्रिनल (कॉर्टिसॉल बनवणारी ग्रंथी) दबणारच, म्हणून सूज किती कमी झाली याबरोबर सकाळचं कॉर्टिसॉल, साखर आणि हाडांची घनता मोजली का हेही बघावं. साइड इफेक्ट कमी करायला हा सगळा खटाटोप आणि तेच मोजायचं नाही असं होता कामा नये.

सांजवेळ, तुम्हाला एक विनंती, नवीन काही येतंय म्हणून प्रेडनिसोलोन स्वतःहून एकदम बंद करू नका. काही आठवड्यांहून जास्त घेतलं असेल तर एकदम थांबवणं धोक्याचं असतं, कमी करायचं ते तुमच्या डॉक्टरांबरोबर टप्प्याटप्प्यानेच.

सांजवेळ
नाही नाही, तसं अजिबात करणार नाही. उद्या एखाद्या ट्रायलमध्ये भाग घेता का असं कुणी विचारलं तर मी काय विचारू, एवढंच सांगा.

कणकण
तीन गोष्टी विचारा. हा कण याआधी माणसांना दिलाय का, आणि पुन्हा पुन्हा दिलाय का. तुलनेच्या गटाला काय मिळणार, नेहमीचं चांगलं औषध की काहीच नाही. आणि माझी आत्ताची औषधं, मेथोट्रेक्सेट वगैरे, चालू राहणार की थांबवणार. तिसऱ्याचं उत्तर "थांबवणार" असेल तर किती दिवस आणि मधे भडका उडाला तर काय देणार, हे लेखी मागा. हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पानगळ
फिरस्ता, तुमचं वाचून आज डॉक्टरांना फोन केला. न विरघळलेली गोळी मला दोनदा दिसली होती, मी बोललेच नव्हते. त्यांनी तपासायला बोलावलंय. कणकण, आतड्यावरचा वेगळा धागा काढाल का? एनिमातल्या त्या जेलबद्दल अजून वाचायचंय.

कणकण
नक्की काढते. त्यात जिवाणूंच्या एन्झाइम्सने उघडणारे पॉलिसॅकराइडचे कणही घेईन, पेक्टिन आणि ग्वार गमचे, त्यांच्यावर बरंच काम झालंय. रसायनवेडा, थायोकेटलचा भाग तुम्ही लिहाल का?

रसायनवेडा
लिहितो. मायक्रोमोलर पेरॉक्साइडला उघडणारे बंध कोणते तेवढेच घेतो, बाकीचे सोडून.